बुधवारनंतर पुन्हा बुधवार

सिडनीहून दुपारी साडेबाराच्या सुमारास सुटलेलं क्वांटासचं विमान चिलीच्या सांतियागोला उतरतं, तेव्हा तिथे सकाळचे साधारण अकरा वाजलेले असतात. वार तोच, तारीखही तीच. मधले साडेबारा तास आपण विमानात खरोखर काढलेले असतात, जेवणं झालेली असतात, मान अवघडलेली असते. तरीही निघालो त्याच्या दीड तास आधी आपण पोचलेले असतो! लांबच्या सफरीत ऑस्ट्रेलियाहून थेट दक्षिण अमेरिका गाठायचं ठरलं, तेव्हा तिकिटावरच्या या दोन वेळांनीच मला आधी वेड लावलं.

पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत पाठ करतो आणि पुढे जन्मभर भिंतीवरच्या सपाट नकाशावर विश्वास ठेवतो. डिसेंबरातल्या त्या एका बुधवारी तो नकाशा माझ्या डोळ्यांदेखत निकामी होत गेला.

त्याची सुरुवात वाटेपासूनच झाली. सिडनी आणि सांतियागो जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, दोन्ही दक्षिणेला ३४ अंशांच्या आसपास. म्हणजे नाकासमोर पूर्वेला जायचं, असंच कुणालाही वाटेल. समोरच्या पडद्यावरची रेघ मात्र खाली वाकत अंटार्क्टिकाच्या दिशेला निघालेली. पृथ्वीगोल हाताशी असेल तर या दोन शहरांवर दोरा ताणून धरून बघा. तो अक्षवृत्तावर राहतच नाही, घसरून दक्षिणेला जातो. अक्षवृत्त धरून गेलं तर अंतर भरतं सुमारे १२,८०० किलोमीटर, आणि दोऱ्याच्या वाटेने, म्हणजे बृहद्वृत्ताने, ११,३५० च्या आसपास. जवळपास दीड हजार किलोमीटर वाचतात! या वाटेचा मध्य ६२ अंश दक्षिणेला येतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं उत्तर टोक ६३ अंशांवर आहे, यावरून आपण किती खाली उतरतो याची कल्पना यावी. प्रत्यक्षात त्या दिवशीचे वारे पाहून वाट थोडी वर-खाली आखतात. भूगोलाच्या पुस्तकातले ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ हे पश्चिमी वारे इथलेच, आणि पूर्वेला जाणाऱ्या विमानाला उंचावरचे पश्चिमी वारे मागून रेटा देतात.

सुमारे साडेतीन तासांनी न्यूझीलंडच्या बऱ्याच खालून आपण वाररेषा ओलांडतो. बाहेर उतरती दुपार असते. बुधवारची दुपार एका क्षणात मंगळवारची दुपार होते, आणि विमानात कुणाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही.

त्यानंतर खाली फक्त पाणी. रडार इतक्या दूर पोचत नाही. विमान उपग्रहामार्फत आपला ठावठिकाणा कळवत राहतं. एकेकाळी इथे चार इंजिनांचं बोइंग ७४७ जायचं. आता दोन इंजिनांचं ७८७ जातं. दोन इंजिनांच्या विमानाला एक अट असते: एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळात एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे. ७८७ ला ही मुभा ३३० मिनिटांपर्यंत आहे. साडेपाच तास एका इंजिनावर! आकडा ऐकून भीती वाटण्यापेक्षा ते इंजिन घडवणाऱ्यांना हात जोडावेसे वाटतात.

वाटेच्या उत्तरेला, अंदाजे तेराशे किलोमीटरवर, पॉइंट नेमो राहतो. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोचं नाव मिळालेली ही समुद्रातली जागा कुठल्याही जमिनीपासून सर्वांत लांब आहे. सर्वांत जवळचं बेटसुद्धा जवळजवळ २,७०० किलोमीटरवर. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक डोक्यावरून जातं तेव्हा तिथल्या माणसाला सर्वांत जवळचे शेजारी म्हणजे चारशे किलोमीटर वरचे अंतराळवीर. आयुष्य संपलेली अवकाशयानं याच ओसाड पाण्याच्या रोखाने खाली आणतात. रशियाचं ‘मीर’ हे अवकाशस्थानक २००१ साली दक्षिण पॅसिफिकमध्येच विसावलं. आणि या पाण्यातून गोव्यात बांधलेली शिडाची होडी गेलेली आहे. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघी अधिकारी ‘तारिणी’ घेऊन जानेवारी २०२५ मध्ये पॉइंट नेमोजवळून गेल्या. त्याआधी २००९-१० मध्ये दिलीप दोंदे एकट्याने गोव्याच्याच ‘म्हादेई’तून न्यूझीलंडहून फॉकलंडला हाच महासागर पार करून गेले होते. आम्ही ब्लँकेट पांघरून तासाला नऊशे किलोमीटरने जे ओलांडत होतो, ते त्यांनी आठवडेच्या आठवडे लाटांवर, ओल्या कपड्यांत, वाऱ्याशी झुंजत ओलांडलं. खिडकीतून खाली बघताना मला सारखी त्यांचीच आठवण येत होती.

मग येते ती रात्र. विषुववृत्तावर एक रेखांश म्हणजे १११ किलोमीटर. ६२ अंशांवर तो आक्रसून ५२ वर येतो. म्हणजे आपलं विमान तासाला सतरा रेखांश मागे टाकतं. पृथ्वी स्वतः तासाला पंधरा अंश फिरते. दोन्हींची दिशा एकच, त्यामुळे बत्तीस! खिडकीबाहेरचा दिवस दुपटीहून अधिक वेगाने पळत असतो. सूर्य मागे कलतो, उजवीकडे, दक्षिणेच्या क्षितिजाकडे सरकतो, बुडतो. पण डिसेंबरात इतक्या दक्षिणेला तो क्षितिजाखाली पाचेक अंशांपलीकडे जातच नाही. काळोख होत नाही. रात्र म्हणावी तर तास-दोन तासांची, आणि तेवढा वेळ उजवीकडचं आकाश केशरी, त्याच्यावर हिरवट, त्याच्यावर गडद निळं. मावळतीचा तो रंग तसाच सरकत सरकत उगवतीचा होतो. संध्याकाळ कुठे संपली आणि पहाट कुठे लागली याची शिवण सापडत नाही. आजूबाजूचे लोक खिडक्या काळ्या करून झोपले होते. त्यांना उठवावं असं फार वाटत होतं.

सूर्य वर आला तो पुन्हा बुधवारचा. सिडनीला बुधवार उजाडलेला पाहून फार तर पंधरा-सोळा तास झाले असतील.

हा जादा बुधवार कुणी फुकट दिलेला नाही. पूर्वेला जाताना दर पंधरा रेखांशांना आपला दिवस एका तासाने आखूड होतो. ती सगळी वजावट वाररेषेवर एकरकमी परत मिळते. पश्चिमेला जाणाऱ्याचं उलट. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज जुलै १५२२ मध्ये केप व्हर्देला लागलं, तेव्हा रोज न चुकता रोजनिशी लिहिणारा पिगाफेटा चक्रावून गेला: त्याच्या हिशेबी बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार. पृथ्वीला फेरी घालताना एक अख्खा दिवस गळाला होता आणि कुणाच्याही हातून काही चुकलं नव्हतं. सामोआने तर देशच रेषेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून तिथे ४ जुलै दोनदा आला; २०११ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी जुळवून घेताना ३० डिसेंबर आलाच नाही.

आपल्या पंचांगाचा विचार केला तेव्हा मला आणखीच मौज वाटली. तिथी ठरते चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनावर. बारा अंशांची एक तिथी. ती सुरू होण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीला एकच, मग घड्याळात काही का वाजलेलं असेना. म्हणून या प्रवासात बुधवार दोनदा भेटतो, चंद्र मात्र एक पाऊलही मागे येत नाही. वाररेषा माणसांनी आखलेली आहे, चंद्राला ती ठाऊक नाही. शरीरालाही नाही: सांतियागोत लख्ख अकरा वाजलेले असताना सिडनीत गुरुवारचा रात्रीचा एक झालेला असतो, आणि शरीर सिडनीचंच ऐकतं. मेंदूतलं ते घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर हळूहळू जुळतं, दिवसाला साधारण एखादा तास.

परतीला हिशेब चुकता होतो. सांतियागोहून दुपारी निघून विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सिडनीला उतरतं. वारा आता समोरून, त्यामुळे चौदाएक तास लागतात. डिसेंबरात त्या चौदा तासांत सूर्य मावळतच नाही, आणि मध्ये रात्र न होताच बुधवारचा गुरुवार होतो. जाणार असाल तर जाताना उजवीकडची खिडकी मागा आणि येताना डावीकडची. दोन्ही वेळा दक्षिण त्याच अंगाला असते, आणि ढग फाटले तर खाली हिमनगही दिसू शकतात.