परतणारा चेंडू कोणाचा?

बास्केटबॉलच्या सामन्यात नेम चुकून चेंडू रिंगवरून उसळला, की तो मिळवण्यासाठी झुंबड उडते. असा चेंडू पकडणे म्हणजे ‘रीबाउंड’. तो उंच खेळाडूलाच मिळणार, असे तुम्हांला वाटेल. पण अमेरिकेतील एन.बी.ए. स्पर्धेत १९९१-९२ पासून १९९७-९८ पर्यंत सलग सात हंगाम रीबाउंडच्या सरासरीत डेनिस रॉडमन पहिला होता. त्याची उंची २०१ सेंटिमीटर. त्याच्याशी झुंजणारे कित्येक खेळाडू २१० सेंटिमीटरहून उंच होते! मग हे घडले कसे?

पहिली गोष्ट वेळेची. समजा, तुम्ही ६० सेंटिमीटर उंच उडी मारली. उंची = १/२ × गुरुत्वत्वरण × वेळेचा वर्ग, या सूत्राने वर जाण्यास सुमारे ०.३५ सेकंद लागतात आणि खाली येण्यास तेवढेच. एकूण ०.७० सेकंद. आता गंमत पाहा. यातला निम्मा वेळ तुम्ही उडीच्या वरच्या १५ सेंटिमीटरांतच असता, कारण तेथे वेग अगदी कमी असतो. तरीही हा अवधी जेमतेम ०.३५ सेकंद! चेंडू नेमका त्याच वेळी हातांच्या टप्प्यात यायला हवा. उडी उंच, पण अवेळी, तर ती वाया गेली.

दुसरी गोष्ट जागेची. बाजूने फेकलेला चेंडू चुकला, तर तो बहुधा पलीकडच्या बाजूस जातो. लांबून आलेला चेंडू अधिक वेगाने आदळतो, म्हणून दूर उसळतो. उलटी फिरकी असलेला चेंडू कड्यावर टेकला, की घर्षण त्याचा पुढचा वेग कमी करते. सहकाऱ्यांच्या चेंडूंची फिरकी आपण बारकाईने पाहत असू, असे रॉडमनने स्वतः सांगितले आहे.

तिसरी गोष्ट, मिळवलेली जागा राखण्याची. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहिले, की पाया रुंद होतो व गुरुत्वमध्य खाली येतो. मग मागच्या उंच खेळाडूच्या रेट्याने तोल सहजी जात नाही.

तेव्हा उंचीचा फायदा आहेच, पण तो सर्वस्व नव्हे. उद्या मैदानावर एक प्रयोग करा. मित्राला एकाच जागेवरून वीस वेळा चेंडू फेकायला सांगा आणि चुकलेला प्रत्येक चेंडू जमिनीवर जेथे पडेल, तेथे खडूने फुली करा. मग जागा बदला. फुल्यांचा नकाशाही बदललेला दिसेल. तो नकाशा ज्याच्या डोक्यात पक्का, तो चेंडूच्या आधी तेथे पोहोचतो.