आधी बघायचं, मग हात लावायचा

औषधाच्या दुकानात एका बाईने गजकर्णाची ट्यूब मागितली. कुठे लावायची ते तिने सांगितलं नाही, दुकानदारानेही विचारलं नाही. पैसे देऊन ती ट्यूब ब्लाउजमध्ये खोचून निघून गेली. उरण-पनवेल रस्त्यावरचा हा प्रसंग डोक्यातून जाईना. म्हणून न्हावा शेव्याजवळच्या एका गावात बायकांच्या तपासणीचा दिवस आहे असं कळल्यावर गेले. पडद्याच्या आत बसू द्यायचं की नाही, ते बायकांनीच ठरवलं.

बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून या गावांच्या उशाला ट्रेलरची घरघर आहे. धुळीमुळे समाजमंदिराच्या खिडक्या बंद, वर पंखा नुसता फिरतोय. खोलीत घाम, पावडर आणि सुक्या मासळीचा मिसळलेला वास. सिस्टर पन्नाशीच्या. बाई समोर बसली की त्या आधी हातच लावत नाहीत, नुसत्या बघतात. हात खाली सोडून, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून, शेवटी पुढे वाकायला सांगून. त्यानंतर तीन बोटांनी चाचपणी आणि काख. हे शेवटचं काम चटकन उरकतं. वेळ जातो तो बघण्यात.

बहुतेक लाली साधीच निघाली. स्तनाखालच्या घडीत ओलसर लाल पट्टा, कडेला बारीक ठिपके: घामाने वाढलेली बुरशी. "कोरडं ठेव, सुती घाल, डॉक्टरांनी लिहून दिलेलंच मलम लाव. १५ दिवसांत गेलं नाही तर परत ये." दुकानातल्या मिश्र मलमांवर सिस्टरांचा भारी राग. त्यांत स्टेरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते, लाली उतरते, आणि खाली बुरशी आरामात पसरते. एकीच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक तीळ होते, तिशीनंतर पुष्कळांना येतात तसे. त्यांना काहीच करायचं नाही. अंगावर पाजणाऱ्या एकीला ताप, एका बाजूला तापलेला लाल भाग, ठणका. दूध साकळलं होतं आणि सासूने पाजणं बंद करायला लावलं होतं. सिस्टरांनी सासूलाच आत बोलावलं. पाजणं चालूच ठेवायचं, आजच डॉक्टरांकडून औषध सुरू करायचं, आणि गोळ्या संपूनही लाली राहिली तर घरी बसायचं नाही.

भिंतीवरच्या तक्त्यातल्या फोटोंत मात्र सगळी कातडी गोरी. त्यावर गुलाबी डाग उठून दिसतो. आगरी-कोळी बाईच्या सावळ्या अंगावर तोच डाग तपकिरी, जांभळट, कधी नुसता काळपट. सिस्टर पालथा हात आधी एका बाजूला टेकवतात, मग दुसऱ्या. ऊन लागतंय का, कातडी जाड झालीय का, रंध्रं संत्र्याच्या सालीसारखी खोल दिसतायत का. दाहक प्रकारच्या कर्करोगात पेशी कातडीतल्या लसिकावाहिन्या तुंबवतात. पाणी साचून कातडी फुगते, रंध्रं मात्र जागच्या जागी ओढलेली राहतात. हा प्रकार विरळा, पण काही आठवड्यांत पसरणारा, आणि पुष्कळदा त्यात हाताला गाठ लागतच नाही. साल दिसली की १५ दिवसांचा हिशेब संपला, लगेच पुढे पाठवायचं.

आशाताई घरोघर भरतात त्या फॉर्मात स्तनांविषयी तीन प्रश्न आहेत: गाठ, बोंडातून रक्ताळ स्राव, आकारात बदल. कातडीच्या रंगाचं तिथे नाव नाही. फॉर्म करणाऱ्यांनी एक दिवस या खोलीत बसावं, असं मला वाटलं.

नुसत्या हाताने आणि डोळ्याने काय होतं, असं शहरातले लोक विचारतात. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखाहून अधिक बायकांवर हेच पाहिलं. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. २० वर्षांनी निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही त्यातच लिहिलंय.

दुपारी एक मासेवाली आली. साठीच्या आसपासची, हाताला बर्फाचा गारवा. डाव्या बोंडावर खपली, कडेने कातडी सोललेली. उजवं स्वच्छ. "दुखत नाय, मग दाखवू कशाला?" पावसाळ्याच्या आधीपासून ट्यूब लावत होती, तीच गजकर्णाची. इथे १५ दिवस कधीच उलटून गेले होते. साधा इसब बहुधा बोंडाभोवतीच्या काळ्या भागातून सुरू होतो, अनेकदा दोन्हीकडे. बोंडापासून सुरू होऊन एकाच बाजूला राहिलेल्या खपलीचं वर्णन जेम्स पॅजेटने १८७४ साली केलं. तिच्याखाली बहुतेक वेळा दुधाच्या नळ्यांत कर्करोग असतो. आहे की नाही, ते तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. सिस्टरांनीही सांगितलं नाही.

टाटाचं परळचं रुग्णालय इथून समोरच्या किनाऱ्याला. २०२४ पासून शिवडीला जोडणारा २१.८ किलोमीटरचा पूलही आहे, पण त्यावर रिक्षा नाही की दुचाकी नाही. खारघरला टाटाचंच केंद्र आहे, ते जवळ. बाईला काळजी वेगळीच: धंदा बुडेल, आणि सोबत येणार कोण? थोडी घासाघीस होऊन आशाताईचं नाव ठरलं, वारही ठरला. मग सिस्टरांनी चिठ्ठी लिहिली: डाव्या बोंडावर खपली, मलमाने बरी नाही, गाठ लागत नाही. शेवटच्या तीन शब्दांपुढे त्यांनी "तरी तुकडा तपासावा" असं ठळक लिहिलं. गाठ नाही म्हणून पुढच्या दवाखान्यातून परत पाठवलेल्या बायका त्यांनी पाहिल्यात.