पावसाळा आणि होडीची शाकारणी

वैशाख संपत आला, आकाशात ढग जमू लागले आणि समुद्राला फुगवटा येऊ लागला की कोकणच्या किनाऱ्यावर एका निराळ्याच कामाची लगबग सुरू होते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मच्छीमार वस्त्यांमध्ये होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात, ओंडक्यांवर टेकविल्या जातात आणि त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन चढते. या कामाला किनाऱ्यावर होडी ‘शाकारणे’ असे म्हणतात. पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे तशी होडीही शाकारावी, हा त्यातील भाव आहे. घराप्रमाणेच होडी हे कुटुंबाचे भांडवल असते, आणि ते भांडवल पावसाळ्याचे दोन-तीन महिने उघड्यावर असते.

राज्याच्या सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ साली झाला. त्याखालील आदेशांनुसार अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा काळ अनेक जातींच्या माशांच्या प्रजननाचा असतो आणि खवळलेल्या समुद्रात जीवितहानीचाही धोका असतो. वल्ह्यांवर किंवा शिडावर चालणाऱ्या बिनयांत्रिक होड्यांना ही बंदी लागू नसते. तथापि फुटणाऱ्या लाटांतून लहान होडी बाहेर काढणे शक्य नसल्याने त्याही किनाऱ्यावरच विसावतात. परंपरेने नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाल्यावर नवा हंगाम सुरू होतो. त्या दिवशी होडी धडधाकट पाण्यात उतरेल की डागडुजीसाठी सुताराची वाट पाहत राहील, हे मे महिन्यातील चार दिवसांच्या कामावर अवलंबून असते.

खरा शत्रू गोडे पाणी

होडी समुद्रात राहते म्हणून समुद्राच्या पाण्यानेच ती कुजते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. समुद्रात लाकडाला भय असते ते ते पोखरणाऱ्या जीवांचे. त्यांपैकी टेरेडो हा किड्यासारखा दिसणारा, पण शिंपल्यांच्या कुळातील जीव सर्वांत घातक होय. त्याचे प्रवेशद्वार टाचणीच्या टोकाएवढे असते. आत मात्र तो फळीची चाळण करून टाकतो. होडी काही आठवडे कोरड्यावर राहिली की हे जीव मरतात. त्या दृष्टीने पावसाळ्याची विश्रांती होडीस हितकारकच ठरते.

मात्र किनाऱ्यावर आलेल्या होडीस दुसरा शत्रू गाठतो, तो म्हणजे पावसाचे गोडे पाणी. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर कुजविणारी बुरशी वाढू शकत नाही. त्याहून बरेच अधिक ओल, सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि कोंदट हवा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ती झपाट्याने पसरते. कोकणातील पावसाळा या तिन्ही गोष्टी पुरवितो. या पट्ट्यात अनेक ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पाऊस आणि दमट हवा टाळता येत नाही. पाणी साचणे आणि हवा कोंडणे मात्र टाळता येते. होडीच्या निगराणीचे सारे शास्त्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

जागेची निवड

होडी ठेवण्याची जागा भरतीच्या नेहमीच्या रेषेवर नव्हे, तर पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या रेषेच्या बरीच वर असावी. वाळूवर वाहून आलेल्या जुन्या काटक्या व शेवाळ यांवरून ही रेषा ओळखता येते. डोंगरउताराचे पाणी जेथून समुद्राकडे वाहते तो मार्गही टाळावा. माडाच्या थेट खाली होडी ठेवू नये. पडणाऱ्या नारळाने किंवा झावळीने फळी फुटते.

होडी जमिनीला टेकता कामा नये. ओल्या मातीतून लाकूड पाणी शोषते आणि वाळवीला वाट मिळते. आडवे ओंडके किंवा दगडी चौथरे यांवर होडी हातभर उंच ठेवावी. आधार पठाणाखाली, म्हणजे तळाच्या मुख्य कण्याखाली, निदान तीन ठिकाणी द्यावा आणि सारे आधार एका पातळीत असावेत. केवळ दोन टोकांना आधार दिल्यास मधला भाग खचतो; केवळ मध्ये दिल्यास टोके लोंबतात. दोन्ही प्रकारांत सांधे ताणले जाऊन होडी कायमची वाकडी होते. दोन्ही बाजूंना लावलेले टेकू होडी कलंडू नये एवढ्यापुरतेच असावेत. भार कण्यानेच पेलावा.

सफाई आणि तेलपाणी

होडी वर काढताच, तळ ओला असतानाच, त्याला चिकटलेले शंख-शिंपले व शेवाळ खरवडून काढावे. ते वाळून घट्ट झाल्यावर खरवडताना फळीचा पापुद्रा निघतो. आतील चिखल, माशांचे खवले आणि जाळ्याचे तुकडे सांदीकोपऱ्यांतून काढून टाकावेत, कारण ओल धरून ठेवणारा कचरा हेच बुरशीचे पहिले घर असते. शेवटची धुलाई समुद्राच्या पाण्याने केली तरी चालते. पूर्वीच्या काळी जहाजांच्या फळ्यांमधील पोकळीत मीठ भरून ठेवण्याची रीत होती, ती मीठ बुरशीला रोखते म्हणूनच.

नंतर होडी काही दिवस वाऱ्यावर वाळू द्यावी. मे महिन्याच्या कडक उन्हात मात्र ती आठवडेच्या आठवडे उघडी टाकू नये. फळ्या आकसतात, तडकतात आणि सांधे उकलतात. लाकूड पुरते वाळल्यावरच त्यास तेल द्यावे. माशांचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल ही किनाऱ्यावर परंपरेने वापरात असलेली द्रव्ये होत. टरफलांचे तेल कीड व बुरशी या दोहोंस अटकाव करते. ते कातडीवर पडल्यास फोड येतात, म्हणून हाताळताना काळजी घ्यावी. ओल्या लाकडावर रंगाचा जाड थर देणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्यामुळे ओल बाहेर पडण्याऐवजी आतच कोंडली जाते आणि वरून चकचकीत दिसणारी फळी आतून पोकळ होते.

आच्छादन असे असावे

आच्छादनाच्या बाबतीत जुन्या रीतीपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. विणलेल्या झापांच्या छपरातून पाणी ओघळून जाते, पण वारा खेळता राहतो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीतून पाणी आत येत नाही. पण ती होडीला घट्ट गुंडाळली तर आतील बाष्पही बाहेर जात नाही. ते थंड पृष्ठभागावर थेंबांच्या रूपाने जमते आणि फळीवर गळत राहते. अशा होडीवर थेट पाऊस पडत नाही, तरीही ती भिजते.

यावर उपाय सोपा आहे. होडीच्या लांबीवर बांबूचे आढे बांधावे, त्यावरून ताडपत्री घराच्या पाख्यांप्रमाणे उतरती सोडावी आणि दोन्ही टोके मोकळी ठेवावीत. ताडपत्री फळ्यांना चिकटू देऊ नये. होडी उताणी ठेवली असल्यास पुढचे टोक किंचित उंच करून तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे चुकून आत आलेले पाणी वाहून जाईल. अखंड खोडातून कोरलेल्या लहान होड्या पालथ्या ठेवणे अधिक श्रेयस्कर असते. मात्र त्यांचे काठही जमिनीपासून उचललेले असावेत.

दोर बांधताना वादळाचा विचार अवश्य करावा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गेले. मोसमी पावसाची वाट न पाहता मेच्या मध्यापर्यंत होड्या वर घेणे का आवश्यक आहे, हे या दोन वर्षांनी दाखवून दिले. होडीचे दोर जमिनीत खोल पुरलेल्या खुंटांना बांधावेत आणि आच्छादनाचे दोर स्वतंत्र ठेवावेत. वाऱ्याने छप्पर उडाले तरी होडी जागची हलता कामा नये.

पावसाळ्यातील फेरी

शाकारणी झाली म्हणजे जबाबदारी संपत नाही. आठवड्यातून एकदा, विशेषतः संततधार पावसानंतर, होडीची पाहणी करावी. खिळ्यांच्या भोवती, फळ्यांच्या टोकांशी आणि आतील बाकदार लाकडांच्या खाली चाकूचे टोक हलकेच टोचून पाहावे. निरोगी लाकूड टोकाला अडविते, कुजू लागलेले लाकूड त्याला आत घेते. बोटाने ठोकले असता येणारा बद्द आवाजही तीच सूचना देतो. या अवस्थेत वीतभर फळी बदलून भागते. दुर्लक्ष झाल्यास पुढील वर्षी संपूर्ण बाजू बदलावी लागते.

हंगामापूर्वी उकललेले सांधे दिसताच त्यांत कापूस किंवा काथ्या गच्च ठोकण्याची घाई करू नये. होडी एक-दोन दिवस खाडीच्या उथळ पाण्यात भिजवावी. फळ्या फुगल्या की पुष्कळसे सांधे आपोआप मिटतात. उरलेल्यांचीच दुरुस्ती करावी. कोरड्या सांध्यात अतिरिक्त भरण ठोकल्यास फुगणारी फळी खिळे उचकटून बाहेर येते.

गावाची जबाबदारी

होडी खाजगी मालकीची असली तरी तिची सुरक्षितता हा गावाचा प्रश्न आहे. होड्या ओढण्याची वाट आणि त्या ठेवण्याची जागा अतिक्रमणापासून मोकळी ठेवणे, तेथील पाण्याचा निचरा पावसाआधी करून घेणे आणि कोणत्या जागी कोणाची होडी आहे याची नोंद ठेवणे, ही कामे ग्रामपंचायत व मच्छीमार सहकारी संस्था मिळून सहज करू शकतात. वादळानंतरच्या पंचनाम्यात होडीचे नोंदणीपत्र आणि पावसापूर्वी काढलेले छायाचित्र मोलाचे ठरते. किनाऱ्यावरील शाळांतील शिक्षकांना ओल, बुरशी आणि बाष्प यांचे धडे देण्यास शाळेजवळच्या होडीइतके उत्तम साधन शोधूनही सापडणार नाही.

लाकडी होड्यांची जागा आता बऱ्याच ठिकाणी फायबरच्या होड्यांनी घेतली आहे आणि लाकडी होडी दुरुस्त करणारे कुशल सुतार विरळ होत आहेत. म्हणूनच ज्या लाकडी होड्या आज हयात आहेत, त्यांची निगा पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे राखावी लागेल. बांबूचे आढे, चार ओंडके, मोकळा वारा आणि आठवड्याची एक फेरी, एवढ्या अल्प साधनांवर एका कुटुंबाचा पुढील हंगाम सुरक्षित होतो. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात लोटताना तिच्या तळातून पाणी झिरपले नाही, तर मे महिन्यातील श्रम सार्थकी लागले असे समजावे.