आधी ताट, मग टाकी!

पेट्रोलमध्ये शेकडा वीस भाग इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्येच गाठले. २०१४ च्या सुमारास हे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास रेंगाळत होते, आणि विसाचा टप्पा २०३० पर्यंत गाठावयाचा असा मूळचा संकल्प होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या वेगाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु हे इंधन कोणाच्या वावरातून, कोणाच्या कालव्यातून आणि कोणाच्या कणगीतून आले, हा प्रश्न विजयाच्या नगाऱ्यात कोणी विचारीत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याने तो विचारला पाहिजे. कारण उसाच्या मळ्यांनी गजबजलेला उत्तर भाग आणि पावसाच्या एका सरीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारा दक्षिण भाग, हे दोन्ही याच जिल्ह्याच्या पोटात नांदत आहेत.

इथेनॉलशी आमचे वैर नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी कारखान्याचा धनी झाला. त्या कारखानदारीला आज इथेनॉलने हात दिला आहे. साखर काढून उरणारी मळी ही एके काळी कारखान्यांची डोकेदुखी होती. तिचे आता रोख पैसे होतात. साखरेचा भाव पडला की शेतकऱ्याच्या उसाचे पैसे थकतात. अशा वेळी हे उत्पन्न कामी येते. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा पंचाऐंशीहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते, ही गोष्टही विसरून चालणार नाही. टाकाऊतून इंधन निघत असेल, तर त्याला कोण शहाणा विरोध करील?

पण गोष्ट मळीवर थांबली नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने उसाच्या ताज्या रसाला आणि खराब धान्याला आसवनीचे दार उघडून दिले. पाठोपाठ मका आला, सरकारी गोदामांतील तांदूळ आला. २०२४-२५ या वर्षात ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलसाठी राखून ठेवण्यात आला. उरल्यासुरल्याचे सोने करण्यासाठी निघालेली ही योजना आता चुलीवरच्या भांड्यापर्यंत पोहोचली आहे.

हिशेब अवघड नाही. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. चाळीस लिटरांची मोटारीची टाकी भरली, तर तीत आठ लिटर इथेनॉल असते, आणि तेवढ्यासाठी सुमारे २१ किलो मका खर्ची पडतो. अन्नसुरक्षा कायद्याखाली गरिबाला शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते. म्हणजे मक्याचे इंधन वापरले, तर चार माणसांच्या महिन्याच्या शिध्याइतके धान्य एका टाकीत रिचते. चोथा पशुखाद्य म्हणून परत येतो हे खरे. पण चोथ्याने माणसाचे पोट भरत नाही.

पाण्याचा हिशेब याहून कठोर आहे. उसापासून केलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. खेड्यातील माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे हे सरकारचे प्रमाण. त्या मानाने एक लिटर इथेनॉल म्हणजे एका माणसाचे बावन्न दिवसांचे पाणी!

हे पाणी ज्या कालव्यांतून येते ते कशासाठी खणले गेले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या भीषण दुष्काळांनंतर दख्खनच्या रयतेला अन्न मिळावे, म्हणून गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांची आखणी झाली. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. अन्नासाठी आलेले ते पाणी पुढे उसाने आपलेसे केले. इकडे पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या तालुक्यांची मदार रब्बीच्या ज्वारीवर. ज्वारी माणसाला भाकरी देते आणि गुराला कडबा देते. तिचे क्षेत्र राज्यभर आटत चालले आहे. ज्वारी हटली की नुसती भाकरी महागत नाही. कडबा महागतो आणि दुधाचा धंदाही अडचणीत येतो. पाथर्डीचा कष्टकरी दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडावर जातो, तो याच कोरड्या वावरामुळे.

मेक्सिकोचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. अमेरिकेत मका इथेनॉलकडे वळू लागला आणि जानेवारी २००७ मध्ये मेक्सिकोतील गोरगरीब मक्याच्या भाकरीच्या भाववाढीविरुद्ध हजारोंनी रस्त्यावर उतरले. वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशावर २०२४ मध्ये मका आयात करण्याची पाळी आली. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने तर हे सारे एकाच वेळी उघडे पाडले. नोव्हेंबरात नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद पेटला. डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, आठवडाभरात ती सैल केली आणि पुढच्या वर्षी उठवली. कर्जे काढून आसवन्या उभारणाऱ्या कारखान्यांची यात ओढाताण झाली. संकट आल्यावर काढलेल्या हुकमाला धोरण म्हणत नाहीत.

धोरण कसे असते हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. माणसांना किती, गुरांना किती, हे आधी ठरते; उरेल त्यावर पिके. ऊस आणि केळी यांना गावाने मज्जावच केला आहे. एका गावाला जमते ते जिल्ह्याला का जमू नये? आमची मागणी अशी, की इथेनॉलचा कोटा ठरण्यापूर्वी पावसाळ्याअखेर जिल्ह्याच्या पाण्याचा, धान्याचा आणि चाऱ्याचा ताळेबंद जाहीर व्हावा. मळीचे इथेनॉल खुशाल व्हावे. रसाला आणि धान्याला मात्र शिलकीतूनच वाट मिळावी. तुटीच्या वर्षाचे नियम आधीच कागदावर असावेत. आणि कालव्याच्या आवर्तनात ज्वारी, कडधान्ये व चारा यांचा हक्क उसाच्या आधी मानला जावा.

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी या जिल्ह्याने खाल्ली आहे. परदेशी तेलाची लाचारी संपवावी, हे योग्यच. पण तिच्या जागी परदेशी धान्याची लाचारी ओढवून घेणे, हा कसला स्वाभिमान? मोटार एक दिवस उभी राहिली तर माणूस पायी चालेल. चूल एक दिवस थंड राहिली, तर चालणारे पायच थकतील.