इंधन पातळीदर्शक

मोटारीच्या टाकीतील इंधनाची पातळी तबकडीवर दाखविणारे उपकरण. टाकीतील प्रेषक व चालकासमोरील दर्शक हे त्याचे दोन भाग होत. इंधनाबरोबर प्रेषकाचा तरंगक वरखाली होतो, त्याच्या दांडीचा स्पर्शक रोधतारेवरून सरकतो व विद्युत् रोध बदलतो. एका प्रचलित प्रकारात रिकाम्या टाकीस सु. २४० व भरलेल्या टाकीस सु. ३३ ओहम, तर दुसऱ्यात अनुक्रमे १० व १८० ओहम रोध असतो. म्हणून प्रेषक व दर्शक एकाच प्रकारचे असावे लागतात.

आष्टा (सांगली जिल्हा) परिसरातील ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर असो वा क्रीडा मोटार, तत्त्व एकच असते. मात्र क्रीडा मोटारीची टाकी बहुधा उथळ व अनियमित आकाराची असल्याने तरंगकाच्या उंचीतील थोडी चूकही मापात मोठी ठरते आणि काटा पाव टाकी दाखवीत असताही गाडी बंद पडू शकते.

पेट्रोलची वाफ स्फोटक असल्याने दुरुस्तीपूर्वी बॅटरीची जोडणी काढतात व ज्योत दूर ठेवतात. प्रथम प्रेषकाची भूजोडणी (अर्थिंग) तपासतात. नंतर प्रेषक बाहेर काढून तरंगकाच्या दोन्ही टोकांच्या स्थितींत रोध मोजतात. तो योग्य असल्यास दोष तारेत वा दर्शकात असतो. तो मध्येच तुटत असल्यास रोधतार मळलेली वा झिजलेली असते. तरंगकात इंधन शिरल्यास तो बुडून पातळी कमी दिसते. अशा वेळी तो बदलतात. दांडी किंचित वाकवून उरलेला फरक दूर करता येतो. शेवटी रिकाम्या टाकीत मोजून इंधन ओतीत काट्याची पडताळणी करतात.