हायब्रिड गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल कोणतं?

ईदला कोकणात गावी निघण्याआधी भायखळ्यातली बरीच कुटुंबं गाडी सर्व्हिसला टाकतात. गाडी हायब्रिड असेल आणि मेकॅनिक म्हणाला, "सीव्हीटी आहे ना भाई, सीव्हीटीचंच तेल टाकतो," तर त्याला तिथेच थांबवा.

स्ट्राँग हायब्रिड हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराच्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात. घोळ या नावाचाच आहे. साध्या सीव्हीटीत दोन पुलींवर पट्टा फिरतो आणि तिचं तेल त्या पट्ट्याची पकड सांभाळायला बनवलेलं असतं. ई-सीव्हीटीत पट्टाच नाही. गिअर आणि दोन इलेक्ट्रिक मोटारी एकाच पेटीत बसवलेल्या असतात. तेच तेल गिअरना वंगण देतं आणि मोटारीही थंड ठेवतं, त्यामुळे त्यातून वीज वाहता कामा नये आणि तांब्याच्या तारांनाही त्याने धक्का लागू नये. चुकीचं तेल पडलं तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. खर्च नंतर येतो.

टोयोटाच्या आधीच्या प्रियससारख्या गाड्यांना एटीएफ डब्ल्यूएस लागतं. म्हणून सगळ्या हायब्रिडना तेच, असं नाही. भावाच्या गाडीवरून ठरवू नका, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा. सियाझ किंवा एर्टिगावर एसएचव्हीएस लिहिलेलं असेल तर तिचा गिअरबॉक्स साधाच, त्याचं तेल वेगळं.

सीलबंद डबा समोर उघडायला लावा आणि बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या.