पूल होईपर्यंत चालणे थांबवू नका

मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. आता त्याचा विस्तार घाटकोपरच्या छेडानगरपासून ठाण्याच्या आनंदनगरपर्यंत, सुमारे १३ किलोमीटर, उन्नत मार्गाने होणार आहे. असे पूल वस्त्यांच्या अंगावरूनच जातात आणि त्यांचे काम वर्षानुवर्षे चालते.

अशाच एका पुलाच्या कामाजवळ राहणारे, दम्याचे जुने रुग्ण असलेले एक काका माझ्याकडे आले. धुळीने धाप वाढली होती. मी म्हणालो, "काका, धूळ बसेपर्यंत घरातच राहा." त्यांनी सल्ला तंतोतंत पाळला. सहा महिन्यांनी सूनबाई त्यांना आधार देत घेऊन आल्या. न्हाणीघरात पाय लटपटून ते पडले होते. धाप कमी होती. पण मांड्या पार बारीक झाल्या होत्या. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, धूळ अजून बसलेली नाही."

चूक माझी होती. उतारवयात काही आठवडे चालणे सुटले, तरी स्नायू झिजू लागतात, तोल जातो. म्हणून बंद करायचे ते चालणे नव्हे, तर धुळीतले चालणे.

खोदकाम व अवजड वाहनांची वर्दळ नसेल, अशी वेळ निवडावी. फिरायला रस्त्यापासून दूरची आतली गल्ली वा बाग पाहावी. दम्याच्या रुग्णांनी नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. मात्र त्याने गुदमरल्यासारखे झाल्यास थांबावे. श्वासातून घ्यायचे औषध जवळ असावेच. बाहेर जाणे अशक्य असेल त्या दिवशी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात आणि भक्कम खुर्चीवरून दहा वेळा सावकाश उठावे-बसावे.

कुटुंबीयांनी काम चालू असताना रस्त्याकडील खिडक्या बंद ठेवाव्यात आणि केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. झोप मोडत असेल, तर सोसायटीने लेखी तक्रार करावी. अपुऱ्या झोपेने रक्तदाब वाढतो. वळवलेल्या रस्त्याने १०८ची रुग्णवाहिका दारापर्यंत कशी येईल, हेही आधीच पाहून ठेवावे.

काका आता सूनबाईंचा हात धरून मागच्या गल्लीत रोज वीस मिनिटे चालतात. पूल अजून अर्धाच झाला आहे.